आयुष्याच्या आराखड्यात बसणारी ध्येये: ठरवण्याची आणि टिकवण्याची पद्धत

जानेवारीत किंवा पाडव्याला नवी वही काढून संकल्प लिहिणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत, आणि ते संकल्प महिनाभरात मागे पडले की दोष बहुधा इच्छाशक्तीला दिला जातो. माझ्या मते दोष बऱ्याचदा यादीचाच असतो. ती यादी अशा माणसासाठी लिहिलेली असते, ज्याला रोजचा प्रवास नाही, ज्याच्या घरात वृद्ध नाहीत, दहावीला बसलेले मूल नाही आणि ज्याच्या खात्यातून दर महिन्याच्या पाच तारखेला कर्जाचा हप्ता कापला जात नाही. म्हणून या लेखातील पद्धत नेहमीच्या क्रमाच्या उलट जाते. आधी वय, वेळ आणि पैसा मोजायचा, त्यात काय मावते ते पाहायचे, आणि ध्येयाचे वाक्य सर्वांत शेवटी लिहायचे.

पद्धत हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, डोंबिवलीत राहणाऱ्या आणि फोर्टमधील एका कार्यालयात हिशेब विभागात काम करणाऱ्या एकेचाळीस वर्षांच्या एक बाई आहेत. घरात नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत. घराचे कर्ज चालू आहे, गेल्या तपासणीत रक्तातील साखर थोडी वाढलेली निघाली आहे, आणि शाळेत असताना सुटलेली पेटी पुन्हा शिकण्याची इच्छा मनात आहे. उदाहरण कल्पित असले तरी असे घर आपल्या ओळखीचे असेल.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. येल विद्यापीठातील १९५३ सालच्या पदवीधरांपैकी ज्या तीन टक्क्यांनी ध्येये लिहून ठेवली होती, त्यांच्याकडे वीस वर्षांनी उरलेल्या सगळ्यांच्या मिळून संपत्तीपेक्षा अधिक संपत्ती होती, असा एक किस्सा प्रेरणादायी भाषणांतून सतत ऐकवला जातो. असा अभ्यास कधी झालाच नव्हता. ध्येये लिहून ठेवणे उपयोगाचे आहे, पण ते कागदात जादू असते म्हणून नव्हे. लिहिताना आकडे घालावे लागतात आणि आकडे घातले की अशक्य गोष्टी आपोआप उघड्या पडतात, एवढेच त्याचे कारण आहे.

घरातील वयांचा तक्ता

एका कोऱ्या कागदावर डावीकडे पुढील पंधरा-वीस वर्षे एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येक वर्षापुढे घरातील प्रत्येक व्यक्तीचे त्या वर्षीचे वय लिहावे. काम अर्ध्या तासाचे आहे, पण आयुष्याचा आराखडा म्हणून जे काही म्हणतात त्याचा सांगाडा इथेच उभा राहतो. आपल्या उदाहरणातील तक्त्याच्या काही ओळी अशा दिसतील:

२०२६: स्वतः ४१, नवरा ४४, मुलगी ११, सासूबाई ७०
२०३१: स्वतः ४६, नवरा ४९, मुलगी १६ (दहावी), सासूबाई ७५
२०३३: स्वतः ४८, नवरा ५१, मुलगी १८ (बारावी), सासूबाई ७७
२०३९: स्वतः ५४, नवरा ५७, मुलगी २४ (घराचे कर्ज संपते)
२०४३: स्वतः ५८, नवरा ६१

या तक्त्याकडे पाहिल्यावर दोन गोष्टी लगेच लक्षात येतात. मुलीच्या उच्च शिक्षणाचा खर्च आणि सासूबाईंच्या आजारपणाची शक्यता ही दोन्ही ओझी २०३१ ते २०३७ या काळात एकदम येणार आहेत, म्हणजे त्या वर्षांत नोकरी बदलण्याचे किंवा नवे घर घेण्याचे धाडस करणे कठीण जाईल, आणि जे करायचे ते आताच्या चार-पाच वर्षांत केले पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे काही दारे आधीच बंद झालेली असतात. सुकन्या समृद्धी खाते मुलीला दहा वर्षे पूर्ण होण्याआधी उघडावे लागते, त्यामुळे या घरासाठी तो पर्याय गेला. तक्ता तीन वर्षांपूर्वी केला असता तर तो दिसला असता. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते, म्हणजे पीपीएफ, आज उघडले तर त्याची १५ वर्षांची मुदत बाईंच्या छपन्न-सत्तावन्नाव्या वर्षी पूर्ण होते. निवृत्तीच्या तयारीला ते सोयीचे आहे, मुलीच्या प्रवेशाला नाही. कोणता पैसा कोणत्या ध्येयासाठी, हा निर्णय व्याजदरापेक्षा या तक्त्यावर अधिक अवलंबून असतो.

निवृत्तीचे वय तक्त्यात अंदाजाने लिहू नये. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी ते ५८ आहे, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी ६०, आणि खासगी नोकरीत ते नियुक्तिपत्रात किंवा सेवानियमांत दिलेले असते. अनेकांनी ते कधी वाचलेलेच नसते.

आठवड्याचे १६८ तास

यानंतर वेळ मोजायची. एका साध्या आठवड्याचा, म्हणजे ज्यात सण नाही, लग्न नाही आणि कोणी आजारी नाही अशा आठवड्याचा, प्रामाणिक हिशेब मांडावा. आपल्या उदाहरणात तो असा येतो: झोप रोज सात तास धरून ४९ तास, कार्यालय जेवणाच्या सुट्टीसह ४५ तास, दारापासून दारापर्यंतचा प्रवास एका वेळचा पावणेदोन तास, म्हणजे पाच दिवसांचे साडेसतरा तास, स्वयंपाक, घरकाम आणि बाजारहाट रोज तीन तास, म्हणजे २१, अंघोळ, जेवण, तयारी यांचे १४, आणि मुलीचा अभ्यास, सासूबाईंची औषधे, दवाखाना, बँक यांचे १०. बेरीज होते १५६.५. उरतात साडेअकरा तास.

या साडेअकरा तासांतच फोन, मालिका, शेजारणीशी बोलणे आणि नुसते पडून राहणे येते, आणि तेही माणसाला लागतेच. रविवारचा मेगाब्लॉक, अचानक आलेले पाहुणे आणि घरातले तापखोकले वजा केले तर भरवशाने वापरता येतील असे पाच ते सहा तास उरतात. सर्व ध्येये या तासांत मावली पाहिजेत. ‘रोज एक तास व्यायाम, रोज एक तास वाचन, रोज अर्धा तास ध्यान, आठवड्यातून तीनदा पेटीचा वर्ग’ अशी यादी करणाऱ्या माणसाने आठवड्याचे वीस तास आधीच खर्च करून टाकलेले असतात, जे त्याच्याजवळ नाहीत. मग फेब्रुवारीत ती यादी मोडली तर नवल ते काय?

पहाटे चारला उठण्याचा सल्ला इथे हमखास दिला जातो. झोपेतून कापलेला वेळ काही आठवडे पुरतो आणि नंतर चिडचिड, चुका आणि सर्दीपडशाच्या रूपाने वसूल होतो, म्हणून तो मार्ग मला मान्य नाही. वरच्या हिशेबात खरी जागा आहे ती घरकामाच्या २१ तासांत. नवऱ्याने रात्रीची भांडी आणि रविवारचा बाजार उचलला आणि मुलीने स्वतःचे कपडे, डबा आणि टेबल सांभाळले, तर पाच तास मोकळे होतात, म्हणजे बाईंच्या हातातील वापरण्याजोगा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. वेळेच्या व्यवस्थापनाची कोणतीही युक्ती एवढे देत नाही. अर्थात त्यासाठी घरात एक संभाषण व्हावे लागते, आणि ते रात्री अकरा वाजता भांडी घासताना करण्याऐवजी हा १६८ तासांचा कागद समोर ठेवून शांतपणे केले तर आरोपासारखे वाटत नाही. पुरुष वाचकांनी हा हिशेब आपल्या पत्नीचा करून पाहिला तरी चालेल. स्वतःचा करण्याआधी केला तर अधिक बरे.

इच्छांची मोठी यादी आणि तिची छाटणी

आता मनात येईल ते सर्व लिहावे: घर रंगवणे, वजन, मुलीचे शिक्षण, पेटी, बढतीची परीक्षा, गावच्या जमिनीचा सातबारा स्वतःच्या नावावर करणे, काशीयात्रा, मृत्युपत्र. या टप्प्यावर काहीही गाळू नये. नंतर प्रत्येक नोंदीपुढे तीन खुणा कराव्यात: तक्त्यातील कोणत्या वर्षाआधी ती व्हायलाच हवी, दर आठवड्याला तिला किती तास लागतील, आणि किती रुपये.

खुणा केल्या की यादीचे आपोआप गट पडतात. सातबारा, मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशन यांसारख्या गोष्टी ध्येये नाहीतच. ती कामे आहेत. त्यांना एखादी सुट्टी आणि काही हेलपाटे लागतात, पण वर्षानुवर्षे डोक्यात राहून ती ध्येयांची जागा अडवतात. त्यांची वेगळी यादी करून महिन्याला एक निकालात काढावे. आयुर्विम्याची शुद्ध मुदत पॉलिसी (टर्म इन्शुरन्स), कुटुंबाचा आरोग्य विमा आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी सहज काढता येईल अशी शिल्लक या तीन गोष्टींचीही गणना ध्येयांत करू नये. त्या नसतील तर एका आजारपणात बाकीचा आराखडा कोसळतो, म्हणून त्या आधी.

उरलेल्यांतून चालू वर्षासाठी तीनच निवडावीत, असे माझे मत आहे. एक असे, जे न केल्यास तक्त्यातील एखादे वर्ष अडचणीचे जाईल, एक शरीरासाठी, आणि एक निव्वळ आपल्या आनंदासाठी, ज्याचा कोणालाही काही उपयोग नाही. तिसऱ्यावर काट मारण्याचा मोह मध्यमवर्गीय घरात फार होतो, विशेषतः बायकांना, आणि म्हणूनच ते यादीत ठेवण्याचा आग्रह धरावा. तीनाहून अधिक घेतली की एक ना धड, भाराभर चिंध्या अशी गत होते. गाळलेल्या नोंदी फाडून टाकायच्या नाहीत. त्या ‘पुढील वर्षी पाहू’ अशा मथळ्याखाली त्याच वहीत ठेवायच्या. ध्येय ठरवणे म्हणजे मुख्यतः काय करायचे नाही हे ठरवणे असते, आणि जी गोष्ट नीट बाजूला ठेवलेली असते ती मनाला कमी टोचते.

ध्येयाचे वाक्य

एडविन लॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकापासून आणि नंतर गॅरी लॅथम यांच्यासह केलेल्या संशोधनातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली आहे: ‘जमेल तेवढे चांगले करा’ असे सांगितलेल्या माणसांपेक्षा नेमके आणि थोडे कठीण लक्ष्य दिलेल्या माणसांचे काम अधिक चांगले होते, मात्र ते लक्ष्य त्यांनी मनापासून स्वीकारलेले हवे आणि आपण कुठवर आलो हे त्यांना कळत राहायला हवे. जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली व्यवस्थापकांसाठी मांडलेली ‘स्मार्ट’ ही कसोटी (ध्येय नेमके, मोजता येणारे, मुदत ठरलेले वगैरे असावे) आज शाळेच्या फळ्यावरही लिहिलेली दिसते. मूळ मांडणीतील पाच अटींपैकी एक ‘हे काम कोण करणार ते ठरलेले असावे’ अशी होती. पुढे प्रचारात तिची जागा ‘साध्य असावे’ या अटीने घेतली. घरगुती ध्येयांच्या बाबतीत ती जुनी अटच अधिक मोलाची आहे. ‘या वर्षी आपण बचत वाढवू’ या वाक्यातील ‘आपण’ म्हणजे कोण, हे न ठरल्यामुळेच बचत वाढत नाही.

बाईंच्या तब्येतीचे ध्येय घेऊ. ‘तब्येतीकडे लक्ष द्यायचे’ हे वाक्य काहीच सांगत नाही. त्यांच्या रक्तातील तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आला आहे. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानला जातो. अशाच उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दोन साधी लक्ष्ये दिलेली होती: वजन सात टक्क्यांनी उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम. केवळ बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे आकडे आपल्याला शोधत बसण्याची गरज नाही. बाईंचे वजन ६८ किलो असेल तर सात टक्के म्हणजे पावणेपाच किलो. वाक्य असे होते: ‘डिसेंबरअखेर माझे वजन ६३ किलोच्या आसपास असेल, त्यासाठी मी आठवड्याला १५० मिनिटे चालेन आणि दर तीन महिन्यांनी तपासणी करून अहवाल डॉक्टरांना दाखवीन.’

या वाक्यात दोन भाग आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. वजनाचा आकडा ही निष्पत्ती आहे. ती पूर्णपणे आपल्या हाती नसते. चालणे ही कृती आहे; ती हाती असते. वर्षभर रोजच्या नोंदीत कृती लिहावी, निष्पत्ती फक्त तीन महिन्यांनी पाहावी. रोज वजनकाट्यावर उभे राहणारी माणसे काट्याशी भांडत बसतात आणि चालणे सोडतात.

हीच गोष्ट स्पर्धा परीक्षांना अधिक कठोरपणे लागू होते. ‘मला अधिकारी व्हायचे आहे’ हे निष्पत्तीचे वाक्य आहे, आणि त्या वर्षी जागा किती निघतील, काठिण्यपातळी काय असेल, इतरांची तयारी कशी असेल यांवर ते अवलंबून आहे. ‘दर रविवारी तीन तासांत पूर्ण उत्तरपत्रिका लिहीन आणि सोमवारी ती तपासून घेईन’ हे कृतीचे वाक्य आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेतील आणि नव्या पेठेतील अभ्यासिकांत बारा बारा तास बसणारी मुले कष्टात कमी पडत नाहीत. अनेकांच्या कष्टाचे माप मात्र केवळ बसण्याचे तास हेच असते, लिहिलेली आणि कोणीतरी तपासलेली उत्तरे हे नसते.

पैशाच्या ध्येयाचे गणित

मुलीच्या शिक्षणाचे ध्येय भावनेने नव्हे तर आकडेमोडीने ठरते. समजा, ज्या प्रकारचे शिक्षण मनात आहे त्याचा आजचा एकूण खर्च आठ लाख रुपये आहे आणि तो दर वर्षी आठ टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर सात वर्षांनी तो सुमारे १३ लाख ७० हजार होतो. आवर्ती ठेवीवर साडेसहा टक्के व्याज मिळेल असे धरून आणि कर वगळून हिशेब केला, तर सात वर्षांत एवढी रक्कम जमवण्यासाठी दरमहा सुमारे १३,००० रुपये बाजूला काढावे लागतात.

घराची क्षमता ८,००० ची असेल तर साधारण साडेआठ लाख जमतील आणि पाच लाखांहून थोडी अधिक तूट राहील. आकडा पाहून निराश होण्यापेक्षा तूट आजच माहीत झाली हे चांगले मानावे, कारण सात वर्षे हाताशी आहेत. त्या तुटीसाठी शैक्षणिक कर्ज घ्यायचे का, शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयाचा पर्याय ठेवायचा का, दर वर्षी पगारवाढ होईल तेव्हा हप्ता हजाराने वाढवायचा का, हे निर्णय आता शांतपणे घेता येतात. काही भाग म्युच्युअल फंडात ठेवला तर परतावा अधिक मिळू शकतो, पण त्याची खात्री नसते. तसे केल्यास प्रवेशाच्या दोन-तीन वर्षे आधीपासून ती रक्कम टप्प्याटप्प्याने सुरक्षित ठेवीत वळवण्याची तारीखही आजच तक्त्यात लिहावी. हप्ता पगार जमा होण्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळता व्हावा अशी बँकेत सूचना देऊन ठेवली की या ध्येयासाठी दरमहा वेगळा निर्धार करावा लागत नाही.

केव्हा, कुठे आणि अडले तर काय

ठरवले पण घडले नाही, हा प्रश्न पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षे अभ्यासला. १९९९ सालच्या एका लेखात त्यांनी मांडलेला उपाय अतिशय साधा आहे: ‘अमुक वेळ किंवा प्रसंग आला की मी तमुक करीन’ असे जोडवाक्य आधीच ठरवून ठेवायचे. त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह २००६ साली ९४ स्वतंत्र अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही या जोडवाक्यांचा परिणाम चांगलाच आढळला. कारण असे की ऐन वेळी विचार करावा लागत नाही. प्रसंगच आठवण करून देतो.

बाईंचे जोडवाक्य असे असू शकते: ‘सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी डोंबिवलीला गाडीतून उतरले की मी रिक्षाच्या रांगेकडे न वळता पुलावरून थेट चालत घरी जाईन.’ चालायला पंचवीस मिनिटे लागत असतील तर पाच दिवसांची १२५ मिनिटे होतात आणि रविवारच्या पंचवीस मिनिटांनी दीडशे भरतात. रिक्षाच्या रांगेत आणि वाटेतल्या कोंडीत नाहीतरी पंधरा मिनिटे जातातच, म्हणजे या ध्येयाची खरी किंमत दिवसाला दहा मिनिटे आहे. पायांत चालण्याजोगे बूट हवेत आणि भाजीची पिशवी जड नको, एवढ्या दोन अटी आहेत. बूट कार्यालयातील खणात ठेवायचे की पिशवीत, हे क्षुल्लक वाटले तरी आधी ठरवावे. ध्येये अशाच जागी अडकतात.

अडथळेही आधीच लिहावेत. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनात, वजन उतरवण्याच्या कार्यक्रमातील ज्या स्त्रिया यशाची गोड स्वप्ने अधिक रंगवत होत्या त्यांचे वजन प्रत्यक्षात कमी उतरले असे १९९१ साली आढळले होते. स्वप्नाच्या शेजारी आपल्या मार्गातील अडचण मांडली की स्वप्न कामाला लागते, असे ओटिंगेन सांगतात. बाईंच्या बाबतीत जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस ही अडचण ठरलेली आहे. म्हणून दुसरे जोडवाक्य: ‘पाऊस असेल त्या दिवशी घरी पोहोचल्यावर इमारतीचे जिने आणि गच्चीखालचा व्हरांडा मिळून वीस मिनिटे चालेन, आणि मगच चहा.’

पेटीसाठी आठवड्यातून एक वर्ग आणि दोन वेळा अर्धा तास सराव एवढेच धरावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांतील पहिली पायरी, म्हणजे प्रारंभिक, डोळ्यांसमोर ठेवली तर तारीख आणि अभ्यासक्रम आयता मिळतो. विशारदचे स्वप्न आताच पाहण्याचे कारण नाही.

अंदाज हमखास चुकतो

आपल्याला लागणाऱ्या वेळेचा अंदाज आपण नेहमी कमी करतो. डॅनिएल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. पुढे १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध पूर्ण करायला किती दिवस लागतील असे विचारले असता सरासरी ३४ दिवसांचा अंदाज आला, आणि प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून अधिक. ‘सगळे बिघडले तर किती?’ असे विचारल्यावर दिलेला अंदाजही प्रत्यक्षापेक्षा कमीच होता. त्यामुळे तारीख ठरवताना स्वतःच्या उत्साहाला विचारू नये. तेच काम आधी केलेल्या दोन-तीन माणसांना किती वेळ लागला ते विचारावे, आणि कोणी सापडले नाही तर आपल्या अंदाजाची दीडपट करावी.

सवयीबद्दलही असेच. एकवीस दिवसांत सवय लागते या दाव्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांतील फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. याच अभ्यासातील दिलासा देणारी बाब अशी की एखादा दिवस चुकल्याने फारसे काही बिघडत नाही. म्हणून ‘खंड पडला, आता सोमवारपासून नव्याने’ असे म्हणून मधले चार दिवस वाया घालवण्याचे कारण नसते. बुधवारी चुकले तर गुरुवारी चालावे.

थांबण्याची अट

हा भाग बहुतेक मार्गदर्शक लेखांत नसतो, आणि मला तो सर्वांत आवश्यक वाटतो. प्रत्येक मोठ्या ध्येयाबरोबर ते कधी सोडायचे याची अट सुरुवातीलाच, डोके थंड असताना, लिहावी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला सर्वसाधारण गटासाठी ३२ वर्षे वय आणि सहा प्रयत्न अशी मर्यादा आहे; महाराष्ट्राच्या राज्यसेवेसाठी अराखीव गटाची वयोमर्यादा ३८ आहे. ही आयोगाने घातलेली मर्यादा झाली. उमेदवाराची स्वतःची मर्यादा तिच्या बरीच आधी असायला हवी, नाहीतर ‘एवढी वर्षे घातली, आता कसे सोडू’ या एकाच कारणाने आणखी वर्षे जातात. अट स्पष्ट असावी: ‘दोन प्रयत्नांत पूर्वपरीक्षा पार झाली नाही, किंवा अठ्ठाविसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत मुलाखतीपर्यंत पोहोचलो नाही, तर मी नोकरी धरीन.’ आणि त्या नोकरीसाठी लागणारी पदवी किंवा कौशल्य तयारीच्या काळातच हाताशी ठेवावे. ही अट घरातील एका माणसाला वाचून दाखवावी, कारण ती पाळायची वेळ येईल तेव्हा आपण तिला फाटे फोडणार हे नक्की असते.

लहान ध्येयांनाही अशी अट हवी. सहा महिने वर्ग करूनही पेटीला बसण्याचा कंटाळा येत असेल तर ते सोडून द्यावे आणि वर्गाची फी वाया गेल्याचे दुःख करू नये.

कोणाला सांगावे, कधी तपासावे

ध्येय सर्व नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाहीर करण्याची गरज नाही. अभिनंदनाचे अंगठे मिळाले की काम झाल्यासारखे वाटू लागते, आणि पुढे चौकशी करणारे कोणी उरत नाही. त्याऐवजी एक माणूस निवडावा, जो महिन्यातून एकदा ‘किती झाले?’ एवढेच विचारेल आणि उपदेश करणार नाही. असा माणूस घरात मिळेलच असे नाही. बरोबरीने प्रवास करणारी मैत्रीण बऱ्याचदा अधिक चांगली.

नोंदीसाठी कॅलेंडरच्या त्या त्या तारखेवर एक फुली पुरते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी अर्धा तास काढून फुल्या मोजाव्यात आणि एकच प्रश्न विचारावा: जिथे चुकले तिथे अडचण वेळेची होती, पैशाची होती की इच्छेची? वेळेची असेल तर जोडवाक्य बदलावे, पैशाची असेल तर आकडा बदलावा. इच्छेची असेल तर सलग दोन महिने वाट पाहून ध्येयच बदलावे.

वार्षिक आढाव्यासाठी आपल्याकडे पाडवा ते एप्रिलचा मध्य हा काळ सोयीचा पडतो. काळाच्या नव्या टप्प्याच्या आरंभी माणसे ध्येयांकडे अधिक वळतात, हे हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिलेले आहे, पण पाडव्याचा फायदा त्याहून व्यावहारिक आहे. एकतीस मार्चला संपणारे आर्थिक वर्ष तेव्हा संपलेले किंवा संपत आलेले असते, त्यामुळे वर्षभराची बचत आणि कर यांचे आकडे हाताशी येतात. अनेक कार्यालयांत पगारवाढीची पत्रे याच सुमारास मिळतात. जूनमधील नव्या वर्गाच्या खर्चाचाही अंदाज आलेला असतो. एक जानेवारीला यांपैकी काहीच माहीत नसते.

त्या दिवशी वयांचा तक्ता पुन्हा काढावा, सरलेल्या वर्षाच्या ओळीवर रेघ मारावी आणि पुढील पाच ओळी नीट वाचाव्यात. १६८ तासांचा हिशेब नव्याने करावा, कारण मुलगी वर्षाने मोठी झालेली असते आणि सासूबाईही. मग ‘पुढील वर्षी पाहू’ ही यादी उघडावी. तिच्यातील काही नोंदींचे आता काहीच वाटत नाही असे आढळेल. त्या खोडून टाकाव्यात. जी नोंद सलग तीन पाडवे त्या यादीत तग धरून राहिली आहे, तिला मात्र या वर्षीच्या तिघांत जागा द्यावी, मग त्यासाठी दुसरे काही बाहेर काढावे लागले तरी.